मनगटातला जांभळा

थोरलीच्या नाकावर कधी माशी बसली नव्हती. बसायचीच असती तर आधी परवानगी मागून, पाय पुसून बसली असती. कारखान्यातले सगळे तिला थोरली म्हणत, तोंडावर थोरल्या बाई, आणि ती समोर नसली तरी आवाज खाली ठेवूनच म्हणत.

कारखाना सूत रंगवायचा. चाळीस वर्षं तो तिच्या मनगटावर उभा होता, आणि हे आपलं बोलायची पद्धत म्हणून नाही सांगत. सुताची ओली लडी आकड्याला अडकवायची, दुसऱ्या टोकाला दांडा घालायचा आणि पिळायचं. किती पिळायचं ते पुस्तकात लिहिलेलं नसतं. लडीत पाणी जास्त राहिलं तर रंग पातळ बसतो, कमी राहिलं तर चट्टे पडतात. थोरलीचं मनगट नेमकं तिथं थांबायचं जिथं थांबायला हवं. शाळेत ती दोनच वर्षं गेली, त्यातलंही अर्धं वर्ष मास्तरांशी भांडण्यात गेलं. पण कोणी लाल सुताचा तुकडा आणून टाकला की तसाच लाल चार दिवसांत परत. तीन रंगारी शेजारी उभे केले तरी त्यांना तुकडा कुठला आणि नवा माल कुठला ते सांगता यायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती टाकीजवळच्या ओल्या फरशीवर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी तळहाताच्या बाजूनं आत एक प्लेट बसवली, सात स्क्रू मारून. दोन वर्षं सगळं छान चाललं. मग मनगट सुजायला लागलं. एक्स-रे काढले, चार वेळा काढले. प्लेटच्या आजूबाजूला नुसता पांढरा धुरळा. त्या धुरळ्यात हाड कुठं संपतं आणि धातू कुठं सुरू होतो, ते डॉक्टरांनाही कळेना.

"तीन महिने हात पाण्यात घालायचा नाही, पिळायचं तर नावच नको," डॉक्टर म्हणाले होते. "विश्रांतीनं उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर प्लेट हलली असं धरायचं. मग ती काढायची आणि मनगट कायमचं जोडून टाकायचं."

"जोडून म्हणजे?"

"दुखणं जाईल, आजी. पण मनगट वळणार नाही."

थोरलीनं तेव्हा त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टर उगाचच टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

तीन महिने झाले. सूज तशीच. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. आणि मंगळवारी सकाळी नातीचा फोन आला, इतक्या जोरात की थोरलीनं फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"आजी, नंबर लागला! तुझं मनगट आमच्या यंत्रात घ्यायला परवानगी मिळाली! डॉक्टर पण येतायत बघायला. आत्ताच्या आत्ता नीघ!"

नात, म्हणजे मुलाची मुलगी, मोठ्या इस्पितळाच्या तळघरात संशोधनाचं काम करायची. गेली दोन वर्षं ती घरी येऊन रंगीत एक्स-रे, रंगीत एक्स-रे म्हणून नाचायची आणि थोरली म्हणायची, "रंगाचं मला सांगतेस?" पण आज तिनं तसं म्हटलं नाही. गुरुवारच्या आत कोणी मनगटाच्या आत नीट डोकावून बघणार असेल, तर ते बघू द्यायला हवं होतं. ती घाईघाईनं निघाली. सूनही, म्हणजे नातीची आई, निघाली, कारखान्याचं दार लावून, कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनीच.

"हात तरी धुवायचेस," थोरली म्हणाली.

"धुतलेत आई. लालच इतका छान बसलाय की निघत नाही." सून खुशीत होती. गेले तीन महिने पिळायचं काम तिच्याकडे होतं, आणि पहिल्या आठवड्यातले चट्टे सोडले तर लाल असा उतरत होता की गिऱ्हाइकं तिचं कौतुक करून जात होती. "कालच्या लॉटला तर दुकानदार म्हणाला, सासूबाईंचा हात आला तुमच्या हातात."

थोरली एरवी अशा वाक्याला सोडत नसे. आज ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिली.

तळघराचं दार इतकं जाड होतं की नातीनं ते दोन्ही हातांनी ओढलं. आतली खोली लहान, पांढरी आणि थंड. मधोमध कपड्यांच्या कपाटाएवढं यंत्र, त्याच्या पोटात एक गोल भोक, आणि भोकासमोर हात टेकायला मऊ पाटी.

"एवढंच? यात मी मावणार कशी?" थोरली म्हणाली.

"फक्त हात घालायचा, आजी. बाकीची तू बाहेर बसून आम्हाला बोल लाव." नातीच्या पायांना स्वस्थता नव्हती. "अंगठी काढ. घड्याळ काढ. ही मनगटाची पट्टी कसली? यात क्लिप वगैरे?"

"साधी सुती पट्टी आहे. धातू-बितू काही नाही. काढली तर ठणकतं."

"मग राहू दे. कापड आम्हाला जवळजवळ दिसतच नाही."

हाडांचे डॉक्टर तेवढ्यात आले, हातात थोरलीची जुनी फिल्म. अकराला त्यांचं दुसरं ऑपरेशन होतं आणि ते तोंडानं न सांगता दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघून सांगत होते. नातीनं थोरलीचा हात पाटीवर ठेवला, चौघंही यंत्रासमोरच्या जाड काचेच्या अलीकडे राहिले, फक्त थोरलीचा हात पलीकडे, कारण काचेलाच हातापुरती खिडकी होती. यंत्र घूं करून फिरायला लागलं.

"आता सांग," थोरली म्हणाली. "काळ्यापांढऱ्यात आणि यात फरक काय? आणि मला कळेल असं सांग, साहेबांना सांगतेस तसं नको."

"साध्या एक्स-रेत किरण हातातून आरपार जातात आणि पलीकडे किती पोचले तेवढंच मोजतात. सगळे एका पोत्यात. पण किरण सगळे सारखे नसतात ना! काही जोरकस, काही दुबळे. आमचं यंत्र एकेक किरण सुटा पकडतं, त्याचा जोर बघतं आणि जोराप्रमाणं वेगवेगळ्या खणात टाकतं. हाड दुबळ्यांना जास्त अडवतं, चरबी कमी अडवते, प्रत्येक धातूची अडवायची तऱ्हा वेगळी. कुठल्या खणात किती कमी पडले त्यावरून कळतं की वाटेत काय होतं."

"म्हणजे सूत निवडणं," थोरली म्हणाली. "सगळं एकत्र तोललं तर वजन कळतं. जाड, बारीक, पिळाचं, बिनपिळाचं वेगळं केलं तर माल कळतो."

नात डॉक्टरांकडे वळली. "बघा! मला हे पोरांना शिकवायला अर्धा तास लागतो."

"आणि रंग? हाडाला आत रंग असतो?"

"रंग आम्ही देतो. यंत्र ओळखतं, आम्ही रंगवतो."

"म्हणजे रंग खोटाच."

"ओळख खरी, आजी. रंग आमच्या आवडीचा."

"आवड कशी आहे ते बघू दे मग."

यंत्र थांबलं. आठ मिनिटं झाली होती. पडद्यावर आधी नुसतं करडं धुकं आलं, मग ते गोळा व्हायला लागलं, आणि मग थोरली खुर्चीतून अर्धी उठली.

तिचं मनगट. तिचं स्वतःचं, आडवं कापून समोर ठेवल्यासारखं. हाडं दुधावरच्या सायीच्या रंगाची, त्यांच्या आत बारीक जाळी, स्पंजासारखी, एकेक भोक मोजता यावं अशी. भोवती स्नायू लाल, चरबी पिवळी, आणि मध्ये निळीशार प्लेट, तिचे सातच्या सात स्क्रू हाडात शिरलेले. जुन्या फिल्ममधला पांढरा धुरळा पार गेला होता. नात एकेक काप पुढं सरकवत होती आणि मनगट पडद्यावर फुलत होतं, मिटत होतं, जणू पुस्तकाची पानं कोणी भराभर उलटावीत.

"अगं बाई, अगं बाई!" सून दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाली. "आई, ही तुमची शीर! हालतेय असं वाटतंय!"

"हे मी आहे?" थोरलीनं विचारलं. सत्तर वर्षं हे हाड ती वागवत होती आणि आज पहिल्यांदा भेट झाली होती. "चांगलं आहे की गं! मला वाटलं आत नुसता भुसा झाला असेल." मग लगेच, कारण कौतुक तिला फार वेळ पेलत नसे, "पण हा पिवळा फार मळका घेतलायस. आणि लालात जीव नाही. कुणी निवडला?"

"मी," नात म्हणाली.

"दिसतंय."

डॉक्टर मात्र घड्याळ विसरून पडद्याला नाक लावून उभे होते. "स्क्रू बघा. हाड थेट स्क्रूपर्यंत आलंय. मध्ये फट नाही. म्हणजे प्लेट... आणि हे हिरवं काय?"

सांध्याच्या कोपऱ्यात हिरव्या वाळूचा छोटासा ढीग होता. नातीनं टाळीच वाजवली. "युरिक अ‍ॅसिडचे खडे! साध्या एक्स-रेत हे दिसतच नाहीत! डॉक्टर, हे तर..."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "आणि हे?"

तळहाताच्या बाजूला, प्लेटच्या वर, कातडीला चिकटून एक पट्टा होता. गडद जांभळा.

खोलीतला आनंद एकदम खाली बसला. नातीनं काप मागं नेला, पुढं नेला. जांभळा प्रत्येक कापात होता, आणि नेमका प्लेटच्याच बाजूला दाट.

"जांभळा म्हणजे काय?" सुनेनं विचारलं.

"आयोडीन," नात हळू आवाजात म्हणाली. "शिरा दिसाव्यात म्हणून ते टोचतात, पण आम्ही आजीला टोचलंच नाही. यंत्राला सहाच नावं शिकवलीत. हाड, पाणी, चरबी, प्लेटचा धातू, युरिक आणि आयोडीन. सातवं काही आलं तर ते त्यातल्या जवळच्या नावात टाकतं. आयोडीनच्या जवळपासचा एखादा जड धातू असेल."

"धातू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा इस्पितळातला झाला. "प्लेटच्या मिश्रणातलं काहीतरी झिजून बाहेर पडतंय. कातडीपर्यंत पोचलंय. आजी, खडे असतील नसतील, त्यांचं नंतर बघू. तीन महिने पूर्ण विश्रांती देऊनसुद्धा सूज उतरत नाही आणि वर हे. प्लेट ठेवता येणार नाही. गुरुवार पक्का."

"काढल्यावर मनगट?"

"ठरल्याप्रमाणं."

थोरलीनं हात भोकातून बाहेर घेतला आणि मांडीवर ठेवला. तिला कळत नव्हतं असं नाही. प्लेट गेली, मनगट जोडलं, की आकड्यासमोर उभं राहायचं ते दुसऱ्याचं पिळणं बघायला. तिनं पडद्याकडे पाहिलं. "तो जांभळा मोठा करून दाखव," ती नातीला म्हणाली.

नातीनं तो मोठा केला. डॉक्टरांना त्यात कण दिसले. "बघा, कसे विखुरलेत." नातीलाही कण दिसले. सुनेला काहीच दिसलं नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

थोरलीला वीण दिसली.

उभा धागा, आडवा धागा. दोन खाली, एक वर. दर बोटभर अंतरावर एक धागा जाड, कारण पट्टीवाल्यानं स्वस्त सूत वापरलं होतं आणि तिनं ती विकत घेतानाच त्याला तसं सुनावलं होतं. चाळीस वर्षं सुतात काढलेल्या बाईला वीण ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. जांभळा तिच्या मनगटात नव्हताच. तो मनगटावरच्या पट्टीत होता. आणि पट्टीत काय होतं, ते खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं.

कथलाचं पाणी.

लाल रंग सुताला धरावा म्हणून लडी आधी कथलाच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून पिळतात. ते पाणी दिसायला स्वच्छ असतं, डाग पडत नाही, वाळलं की काही कळत नाही. पण कथील धातू आहे. आणि पट्टी त्या पाण्यात भिजली होती एकदा नाही, रोज. रोज दुपारी सून माल द्यायला दुकानात गेली आणि कामगार जेवायला बसले की थोरली आत जायची, सुनेनं पिळून ठेवलेल्या लड्या पुन्हा बुडवायची आणि पुन्हा पिळायची, नीट, तिला हवं तिथं थांबून. पट्टीसकट. तळहाताची बाजू सगळ्यात जास्त भिजायची. तीन महिने विश्रांती! पहिला आठवडाच काय तो, सुनेचे चट्टे दिसेपर्यंत.

बोलावं तर सुनेसमोर बोलावं लागणार होतं. डॉक्टरांचं काही नाही, डॉक्टर परका माणूस, दोन शब्द बोलून जाईल. पण सून लाल हात घेऊन शेजारी उभी होती आणि सकाळपासून त्या लालाच्या कौतुकात होती. थोरलीनं उभ्या आयुष्यात माझं चुकलं हे वाक्य उच्चारलं नव्हतं. ते कुठून सुरू करतात तेही तिला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर कागदावर सही करायला वाकले.

"पेन खाली ठेवा," थोरली म्हणाली. "धातू प्लेटमधला नाही. पट्टीतला आहे."

"आजी, पट्टी सुती आहे, तुम्हीच..."

"सुती आहे. कथलाच्या पाण्यात भिजलेली आहे. रोज भिजते. मी पिळते म्हणून भिजते." तिनं डाव्या हातानं पट्टी सोडायला सुरुवात केली, कोणाकडेही न बघता. "विश्रांती वगैरे काही घेतली नाही मी. खोटं सांगितलं. घाला ही यंत्रात. एकटीच घाला."

नातीनं पट्टीची गुंडाळी घेतली आणि पाटीवर ठेवली. यंत्र पुन्हा घूं करायला लागलं. ती आठ मिनिटं थोरलीच्या आयुष्यातली सगळ्यात लांब आठ मिनिटं होती. मुलाच्या जन्माच्या वेळीसुद्धा इतका वेळ लागला नव्हता असं तिला वाटलं. सून तिच्याकडे बघत होती आणि ती यंत्राकडे.

पडद्यावर पट्टी आली. हात नाही, हाड नाही, नुसती गुंडाळी. जांभळी! अख्खी जांभळी, कांद्यासारखे पदरावर पदर, आणि प्रत्येक पदरात वीण, दोन खाली एक वर.

नात किंचाळलीच. "कथील! आयोडीनच्या अगदी शेजारचं! म्हणून त्या खणात पडलं! आजी, तू आमच्या यंत्राला सातवं नाव दिलंस!" तिनं भराभर बटणं दाबली, पहिलं चित्र पुन्हा आणलं, आणि त्यातला कातडीबाहेरचा सगळा भाग सोलून टाकला. जांभळा त्याच्याबरोबर निघून गेला, साल निघावी तसा. खाली मनगट राहिलं, स्वच्छ. प्लेट निळी आणि घट्ट, हाड सायीच्या रंगाचं आणि जुळलेलं, आणि कोपऱ्यात तेवढी हिरवी वाळू.

डॉक्टरांनी ते चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. अकरा वाजून गेले होते. "सांध्यातलं थेंबभर पाणी सुईनं काढून बघतो, रक्तही तपासतो," ते म्हणाले. "पण ही सूज त्या हिरव्या खड्यांचीच निघाली तर त्याला गोळ्या आहेत, आजी. कापायचं कारण नाही. प्लेट छान बसलीय." आणि त्यांनी कागदावरचा गुरुवार खोडला. पेन इतकं जोरात ओढलं की कागद फाटला. "पण सहा आठवडे हात कोरडा. या वेळी खरोखर. नाहीतर मी स्वतः येऊन तुम्हाला आकड्याला टांगीन."

"या की," थोरली म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की नातीलाही ती ओळखू येईना. ती मनगट हळूहळू वळवून बघत होती, इकडून तिकडे, दुखत होतं तरी.

"म्हणजे तो लाल माझा नव्हता," सून म्हणाली.

तिच्या आवाजात रडू नव्हतं. राग होता, चांगला कडक. थोरलीला तो आवडला, पण हे बोलायची वेळ नव्हती.

"मी तीन महिने लोकांची शाबासकी घेत फिरले, आई. दुकानदाराला म्हटलं, हो, जमायला लागलंय आता. घरी येऊन तुम्हाला सांगत होते, तुम्ही ऐकत होतात. तोंडात मूग धरून!"

"तू पिळायचीस ते मला बघवत नव्हतं."

"मग सांगायचं! तुमच्या तोंडाला कधी कुलूप होतं? मी सुताला हात लावला की तुमचा पट्टा सुरू, आणि नेमकं हे तेवढं सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू शिकली असतीस," थोरली म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं.

नात आणि डॉक्टर दोघांनाही एकदम दुसऱ्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

थोरलीनं मनगट मांडीवर ठेवलं. "शनिवारी सूज फार होती. दांडा धरवेना. शनिवारच्या लॉटला मी हात लावला नाही." ती थांबली. "कालचा दुकानदाराचा माल शनिवारचा होता."

सून पुढं सरकली. "म्हणजे..."

"म्हणजे तो तुझा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"आणि कसा होता?"

"बरा होता."

"आई."

"चांगला होता! एकही चट्टा नव्हता. मी सगळ्या लड्या उजेडात धरून बघितल्या, एक तरी खोड काढायला मिळेल म्हणून. नाही मिळाली. आता आणखी काही बोलायला लावू नकोस, एका दिवसाला एवढं पुरे."

सुनेनं डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिला हसू फुटलं. मग ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, थेट थोरलीसारखी. "सहा आठवडे तुम्ही दाराशी स्टुलावर बसायचं. टाकीजवळ यायचं नाही. आणि कुठं थांबायचं ते सांगायचं. हात न लावता, तोंडानं."

"तोंडानं सांगता येत नाही ते."

"शोधा शब्द. तेवढे आहेत तुमच्याकडे."

नात दारातून डोकावली. "आजी, चित्राची मोठी प्रत काढू? घरी लावायला?"

"काढ. भिंतीएवढी काढ. आणि तो पिवळा आधी नीट कर."

"पट्टी सोलून टाकलेली काढते, ती सुंदर दिसते."

"नाही," सून म्हणाली. "पट्टीसकट काढ. आणि घरी नाही, कारखान्यात लावायची, टाकीच्या बरोबर वर. येईल तो विचारील हा जांभळा कसला, आणि त्याला मी सांगणार."

नातीनं आजीकडे पाहिलं. थोरलीनं पडद्याकडे पाहिलं, त्या जांभळ्या विणीकडे. मग ती उठली आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"काढ पट्टीसकट," ती म्हणाली. "पण जांभळ्यात थोडा लाल टाक. लांबून दिसला पाहिजे."